नदीपलीकडचा ठिपका

चांदपर्णीचं लोक जेवढं कौतुक करतात, तेवढं करण्यासारखं तिच्यात काही नाही. वीतभर उंचीचं झुडूप, वर्षानुवर्षं एकाच खडकाला चिकटून बसलेलं. पानं रुपेरी दिसतात म्हणून माणसं खुळावतात. त्यात चांदी-बिंदी काही नसते. पानावर बारीक पांढरी लव असते, इतकी दाट की खालचा हिरवा रंग दिसतच नाही. ऊन परतवायला आणि अंगातलं पाणी अंगातच ठेवायला झाडानं पांघरलेली घोंगडी, दुसरं काय! त्या घोंगडीच्या जिवावर आमच्या ठिपकेसाहेबांनी तीस वर्षं खुर्ची उबवली, दोन बढत्या घेतल्या आणि चारशे पानांचा ग्रंथ लिहिला.

मी त्यांच्या वनस्पती संग्रहालयात झाडं चिकटवते. वाळवलेलं झाड जाड कागदावर गोंदानं बसवायचं, जाड देठ दोऱ्यानं टाचायचे, उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. झाड कुठं मिळालं, कधी मिळालं, कोणी आणलं, ते त्या चिठ्ठीवर असतं. गळून पडलेली पानं, बिया फेकायच्या नसतात. त्यांचं एक छोटं कागदी पाकीट करून तेही शेजारी डकवायचं. पण डकवण्याआधी झाडावरून आणि बियांवरून विषाचा ब्रश फिरवायचा, म्हणजे कीड लागत नाही. सत्तावीस वर्षं मी हेच करतेय. मला तिथं गोंदबाई म्हणतात. म्हणू देत. पानाची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे मी भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांना दाखवून दिलंय, तेव्हा कोणी नाक वर करून बोलायला आलं तर मी ते जागेवर आणते.

ठिपकेसाहेब आमच्या संग्रहालयाचे प्रमुख. हे नाव त्यांना मीच ठेवलं, आणि शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांनी ते उचललं. जिथं झाड सापडलं तिथं नकाशावर एक काळा ठिपका द्यायचा, हे त्यांचं काम. डोंगर चढणारे दुसरे, काट्यात हात घालणारे दुसरे, चिकटवणारी मी, आणि ठिपका देणार साहेब, तोही पंख्याखाली बसून. ठिपका देताना जीभ दाताखाली धरतात, जणू काही त्या ठिपक्यामुळेच झाड तिथं उगवणार आहे.

आता त्यांचा सिद्धांत ऐका. चांदपर्णीच्या एकोणीस जाती, आणि एकोणीसच्या एकोणीस नदीच्या अलीकडे. पलीकडे एकही नाही. कारण काय, तर तिचं बी जड असतं. त्याला ना पंख, ना उडणाऱ्या म्हातारीसारखा कापूस. ते आईच्या पायाशीच पडतं आणि तिथंच रुजतं. "झाडाला काही होडीत बसता येत नाही, बाई," असं साहेब म्हणायचे आणि स्वतःच खदखदा हसायचे. हा विनोद मी सत्तावीस वर्षांत निदान शंभरदा ऐकला असेन.

तरुणपणी साहेब एकदाच, आयुष्यात एकदाच, स्वतः एका टेकडीवर गेले होते. त्याचा पुरावा कपाटात आहे. एका कागदावर चांदपर्णीची नऊ झाडं, मुळांसकट उपटलेली, कोथिंबिरीच्या जुडीसारखी बांधलेली. त्या टेकडीवर पुढं तीन माणसं जाऊन आली, कोणाला एक पान मिळालं नाही. मी एकदा साहेबांना तोंडावर विचारलं, "साहेब, तिथली सगळीच आणलीत की काय?" तर हात झटकून म्हणाले, "छे हो, वर अजून असतील." वर म्हणजे कुठं? टेकडी तिथंच संपते! पण आमच्या धंद्यात हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. खालचं ओरबाडायचं आणि वर अजून असतील म्हणायचं. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्यांना झाडं आणून देणाऱ्यांत सगळ्यांत जुना माणूस म्हणजे माझा सख्खा भाऊ, दादा. बावीस वर्षं तो पाठीवर लाकडी दाबपाट्या आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधून डोंगर तुडवत होता. झाड मिळालं की वर्तमानपत्रात घालून दाबायचं, चिठ्ठी लिहायची, पुढं चालायचं. चांदपर्णीचे सहाशे बारा कागद एकट्या दादाचे आहेत. साहेबांच्या नकाशावरचे निम्मे ठिपके म्हणजे दादाच्या पायाचे फोड, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

तर अकरा वर्षांपूर्वी हा दादा नदीपलीकडच्या चुनखडीच्या कड्यावर गेला आणि तिथून चांदपर्णी घेऊन आला. काय आणली? एक काडी. बोटभर. पाच पानं, फूल नाही, मूळ नाही. नियम असा की एका क्रमांकाच्या तीन प्रती आणायच्या, म्हणजे तीन कागद होतात, एक इथं राहतो आणि दोन दुसऱ्या संग्रहालयांना जातात. दादाला नियम पाठ. तरी या शहाण्यानं एकच आणली!

साहेबांनी भिंगातून काडी बघितली, जागेचं नाव वाचलं, आणि लाल पेन्सिल उचलली. कागदावर आडवं लिहिलं, "स्थळ शंकास्पद." म्हणजे सरळ भाषेत, हा माणूस खोटारडा आहे. कडा चढलाच नाही, अलीकडचीच काडी तोडली आणि चिठ्ठीवर पलीकडचं नाव टाकलं. दादाला हे कळलं. मुकाट्यानं पुढची आठ वर्षं डोंगर चढला आणि निवृत्त झाला.

हे सगळं तिथंच राहिलं असतं. पण यंदा साहेबांचा ग्रंथ छपाईला निघाला आणि त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"बाई, तुमच्या भावाचे कागद वेगळे काढा," ते म्हणाले. "सगळे."

"कशाला?"

"ज्याची एक चिठ्ठी खोटी, त्याच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर मी विश्वास कसा ठेवू? ग्रंथाच्या नावाला बट्टा लागेल. मी ते सहाशे बारा ठिपके नकाशातून काढतोय."

मला वाटलं, टेबलावरची शाईची बाटली त्यांच्या डोक्यावर उपडी करावी. म्हटलं, "साहेब, माणूस बावीस वर्षं तुमच्यासाठी मेला. एका काडीवरून त्याचं सगळं पुसणार?"

"मग मला दुसरी प्रत दाखवा ना!" साहेब खुर्चीत रेलले. "जो माणूस तो कडा खरंच चढला, तो एवढीशी काडी घेऊन उतरेल? पूर्ण झाड दाखवा, मुळासकट, फुलासकट. मी आज ठिपका देतो. त्याचे सगळे ठिपके राहतील. दोन महिने आहेत तुमच्याकडे."

खोटं कशाला बोलू, मला साहेबांचा जेवढा राग आला तेवढाच दादाचाही आला. कारण प्रश्न बरोबर होता. चढलास ना एवढा? मग एक काडी का?

दादा आणि वहिनी दोन खोल्यांत राहतात. दादाचे दोन्ही गुडघे गेलेत. खिडकीपाशी खुर्ची टाकून दिवसभर बसतो, मी रविवारी गेले की पहिला प्रश्न एकच, "ग्रंथ कुठवर आला?" बाकी त्याला कशाचं सोयरसुतक नाही. एवढं एक पुस्तक बघायचं आणि त्यात आपले ठिपके मोजायचे, एवढ्यासाठी हा माणूस डोळे लावून बसला होता. वहिनी मला एकदा दाराशी म्हणाल्याही होत्या, "त्या पुस्तकात काही कमी-जास्त झालं तर हे पुन्हा जेवायचे नाहीत हो."

त्या रविवारी मी आल्या-आल्या विचारलं. "दादा, त्या कड्यावरून एकच काडी का आणलीस?"

"चिठ्ठीवर लिहिलंय."

"चिठ्ठीवर जागा आहे आणि तारीख आहे. का ते नाही."

"सगळं लिहिलंय, धाकटे. वाचता येत नसेल तर मी काय करू?"

"अरे, सहाशे बारा ठिपके जातायत तुझे! जरा तोंड उघड की!"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "मी सांगून जे पटणार नाही ते सांगू कशाला? लिहून ठेवलंय तेवढं बास."

असा हा आमचा भाऊ. ताठा बघा! गुडघे वाकत नाहीत आणि मानही वाकत नाही. मी वहिनींना म्हटलं, "तुम्हीच संभाळा तुमचं ध्यान," आणि चपला घालून निघाले. 

दुसऱ्या दिवशी मी तो कागद काढून बघितला. अर्धा कागद. पूर्ण कागद मीच दिला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी आमचं आईच्या शिवणयंत्रावरून चांगलंच वाजलं होतं. यंत्र वहिनींकडे गेलं आणि मी चार महिने दादाशी बोलले नाही. त्याच दिवसांत त्याचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. सगळा गठ्ठा मी तोंड वाकडं करून चिकटवला. एवढ्याशा काडीला कशाला हवाय पूर्ण कागद, म्हणून अर्ध्या कागदावर बसवून मोकळी झाले. मधोमध काडी, कोपऱ्यात चिठ्ठी, चिठ्ठीच्या खालच्या कडेवर चढलेलं पाकीट, आणि सगळ्यावर साहेबांची लाल पेन्सिल. चिठ्ठीवर क्रमांक होता, जागा होती, तारीख होती, दादाचं नाव होतं. बाकी काही नव्हतं. म्हटलं, डोंबलाचं लिहिलंय सगळं!

तेव्हाच मी ठरवलं. मामेबहिणीकडे कार्य आहे असं सांगून चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

दोन बस बदलल्या, होडीनं नदी ओलांडली आणि पुढं चालत. त्रेपन्न वर्षांची बाई, पाठीवर पिशवी, पिशवीत खुरपं, वर्तमानपत्रं आणि दोन फळ्या. होडीवाल्यानं विचारलं, "कोणाकडे?" मी म्हटलं, "झाडाकडे." त्यानं पुढं काही विचारलं नाही. दादाही याच ऋतूत गेला होता, म्हणजे फूल मिळायची आशा होती.

कडा पांढरा, उभा, भुसभुशीत. हात लावला की पीठ हाताला लागतं. वाटेत दोनदा बसले, एकदा रडले, साहेबांना सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या आणि पुन्हा उठले. अर्ध्यापर्यंत चढले असेन. वळणावर एक फट होती, सावलीला पाठ करून उन्हाकडे तोंड केलेली, आणि त्या फटीत ती बसली होती.

चांदपर्णी! परातीएवढा गोल गादीसारखा पसारा, पानांवर लव इतकी की उन्हात बघवत नव्हतं. मधून पिवळ्या फुलांचे लहान-लहान गेंद वर आलेले. पानाच्या कडा आत वळलेल्या, देठाशी लव पिवळसर. दादाच्या काडीचं पान मी डोळे मिटून ओळखते. तेच होतं ते. मी तिथं फतकल मारून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, तू खरा होतास रे!" मला इतका आनंद झाला की मी त्या झुडपाला हात जोडले. माझ्यासारख्या बाईनं! कोणी बघायला नव्हतं ते बरं.

मग इकडंतिकडं बघितलं. डावीकडे नव्हतं. उजवीकडे नव्हतं. खालून येताना एकही दिसलं नव्हतं. वर बघितलं तर कडा अजून बराच होता आणि माझ्या पायांत गोळे आले होते.

"वर अजून असतील," मी म्हणाले, आणि पिशवीतून खुरपं काढलं.

मूळ फटीत खोल गेलेलं. दगडाचे टवके काढत काढत दीड तास गेला. आलं तेव्हा अख्खं आलं, मुळाशी पांढरा चुना चिकटलेला, तसाच ठेवला. साहेबांना कड्याचा पुरावा हवा होता ना? घ्या म्हटलं. गेंदांत थोडं बी धरलेलं होतं, तेही वर्तमानपत्रात नीट जपून घेतलं. उतरताना मी गाणं म्हणत होते.

पुढचं काम माझ्या हातचं. नवं झाड माझ्या नावानं दाखवलं असतं तर साहेब म्हणाले असते, बहीण भावासाठी कुंडीतलं घेऊन आली. त्यांना हवी होती दादाची दुसरी प्रत. मग दुसरीच प्रत द्यायची. आमच्या मागच्या खोलीत न चिकटवलेले गठ्ठे छतापर्यंत आहेत. कुठला गठ्ठा कोणाचा हे एक मला माहीत आणि दुसरं झुरळांना. अकरा वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं तिथं हवी तेवढी. चांदपर्णीचं एक बरं असतं, लवेमुळे ती वाळली तरी तशीच दिसते. दहा वर्षांची आणि दहा दिवसांची साहेबांना ओळखू येणं शक्य नव्हतं. झाड वाळवलं, जुन्या वर्तमानपत्रात घातलं, दादाच्या उरलेल्या गठ्ठ्यात सरकवलं. दुसऱ्या प्रतीची चिठ्ठी पहिलीवरून चिकटवणाऱ्यानंच उतरवायची ही आमच्याकडची पद्धत. मी माझ्या अक्षरात उतरवली. तोच क्रमांक, तीच जागा, तीच तारीख, दादाचं नाव. या वेळी पूर्ण कागद दिला. विषाचा ब्रश फिरवला. बी पाकिटात घातलं, पाकीट ऐसपैस जागा सोडून डकवलं.

मुदतीच्या आठ दिवस आधी मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. "मागच्या खोलीत सापडली, साहेब. गठ्ठ्यात राहिली होती."

साहेबांनी भिंग लावलं. मुळाकडं बघितलं, चुन्याकडं बघितलं, फुलाचा गेंद सुईनं उकलला.  बराच वेळ झाल्यावर भिंग खाली ठेवलं आणि काय म्हणाले असतील?

"मी कधीच असं म्हटलं नव्हतं, बाई, की नदी ही शेवटची सीमा आहे."

वा रे वा! सत्तावीस वर्षं होडीचा विनोद कोण सांगत होतं मग? पण मी जीभ आवरली. साहेबांनी जीभ दाताखाली धरून नदीपलीकडे एक ठिपका दिला. सहाशे बारा ठिपके राहिले. प्रस्तावनेत त्यांनी एक वाक्यही घातलं, की प्रस्तुत लेखकाच्या आग्रहामुळेच दुसऱ्या प्रतीचा शोध लागला. ते वाचून मी आणि ग्रंथपाल गोंदाच्या डब्यावर हात आपटून हसलो. म्हटलं, बघा, मोठमोठ्या भिंगवाल्यांना एका गोंदाच्या बाईनं पाणी पाजलं.

ग्रंथ आला तेव्हा पहिली प्रत मी दादाकडे घेऊन गेले. रविवार होता. वहिनींनी टेबल पुसून घेतलं, दादानं हात धुतले, चष्मा पुसला. नकाशाचं पान उघडलं. मग बोट ठेवून सांगायला लागला. इथं पाय मुरगळला होता. इथं तीन दिवस पाऊस, सगळे कागद भिजले. इथं एका म्हातारीनं गोठ्यात झोपू दिलं. बोट सरकत सरकत नदीपाशी आलं, पलीकडे गेलं, आणि थांबलं.

"दिला," तो म्हणाला.  "अखेर वाचलं म्हणायचं त्यानं."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. मी फुशारून बसले होते. आयुष्यात एकदा काहीतरी आपल्या हातून झालं असं वाटत होतं, ते मी लपवत नाही.

मग दादानं मजकुराचं पान काढलं आणि बोटानं ओळ धरून वाचलं. "नदीपलीकडील कडा. दोन प्रती. पैकी दुसरी फुलावर, मुळासकट." त्यानं ते परत वाचलं. चष्मा काढला.

"दुसरी प्रत कुठली?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. होडी, कडा, खुरपं, जुनं वर्तमानपत्र, साहेबांचं तोंड. साहेबांची नक्कलही करून दाखवली. दादा हसला नाही.

"मूळ केवढं होतं?"

मी अंगठा दाखवला.

"अंगठ्याएवढं," तो म्हणाला. "खडकातलं मूळ अंगठ्याएवढं व्हायला ऐंशी-नव्वद वर्षं लागतात. आपल्या आईच्या वयाचं झाड होतं ते." मग विचारलं, "तुला किती दिसली?"

"एकच. पण वर अजून..."

माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं आणि मी थांबले.

"वर मी दोन दिवस होतो, धाकटे. खाली एक दिवस. दुसरं नाही. म्हणून तर काडी आणली. तीन प्रती कुठून आणू? झाडच एक होतं."

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडले. "अकरा वर्षं तोंड शिवून बसलास!"

"चिठ्ठीवर लिहिलं होतं. तूच चिकटवलीस ना ती?" त्यानं ग्रंथ मिटला. "बी होतं का?"

"होतं. पाकिटात आहे."

"मग?"

"विष फिरवलंय, दादा. पाकिटात घालायच्या आधी. नेहमीसारखं."

 वहिनी आत गेल्या आणि आत जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, भांड्याचाही आवाज आला नाही. शेवटी दादा म्हणाला, "ती चिठ्ठी बदल. माझं नाव काढ, तुझं घाल. तारीख खरी घाल."

"अरे, मग साहेब परत तुझे सगळेच्या सगळे..."

"काढू देत. बावीस वर्षं मी एक खोटी चिठ्ठी लिहिली नाही. आता ही माझ्या नावावर एक आहे. ती काढ."

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. दादाचा अर्धा कागद टेबलावर घेतला. चिठ्ठीच्या खालच्या कडेवर माझं पाकीट चढलेलं होतं, ते आता पहिल्यांदाच नीट बघितलं. टिपकागद ओला करून त्यावर ठेवला आणि गोंद सुटायची वाट बघत बसले. अकरा वर्षांचा गोंद, माझ्या हातचा, लवकर सुटत नाही. पाकीट सुटलं तेव्हा त्याच्याखाली दादाच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या.

"एकच झाड आहे. वरखाली शोधलं, दुसरं नाही. एक काडी घेतली. कृपया कोणी उपटू नये."

मी साहेबांना नावं ठेवली, दादाला ठेवली, डॉक्टरेटवाल्यांनासुद्धा सोडलं नाही. आणि त्या दोन ओळींवर गोंद लावणारी मी. शिवणयंत्रापायी. अर्धा कागद वाचवण्यापायी. मला तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, आणि मी रडले.

मग दुसऱ्या कागदावरची चिठ्ठी काढली आणि नवी लिहिली. माझं पूर्ण नाव. खरी तारीख. आमच्या चिठ्ठीवर एक रकाना असतो, "आढळ", त्यात भरपूर किंवा विरळ असं लिहायचं असतं. त्यात मी लिहिलं, "एकच होतं. मी उपटलं. आता नाही." दोन्ही कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले, ते टेबलावर ठेवले आणि झालेलं सगळं सांगितलं. म्हटलं, काय करायचं ते करा, पण ही चूक माझी आहे, दादाची नाही.

साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. ग्रंथाकडं बघितलं. त्यांच्या टेबलावर दहा प्रती रचून ठेवल्या होत्या, वरच्या प्रतीवर कोणाचंतरी अभिनंदनाचं पत्र होतं.

"बाई," ते म्हणाले, "ग्रंथ छापून झालाय. ठिपका दिलाय. आता कशाला उगाच?" त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडं सरकवले आणि हात झटकला. "आणि एवढं मनाला लावून घेऊ नका हो. वर अजून असतील."

इतर कुठल्याही दिवशी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी कागद उचलले आणि माझ्या टेबलावर परत आले.